मे हाँग सोन, चार मित्र आणि भाड्याच्या स्कूटर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थायलंडच्या वायव्य कोपऱ्यात, म्यानमारच्या सीमेलगत मे हाँग सोन हे चहूबाजूंनी डोंगर असलेले छोटे, निवांत गाव आहे. तिथे स्कूटर घेऊन फिरण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत.

आम्ही चौघे मित्र डिसेंबरात जाणार आहोत. चियांग माई या उत्तर थायलंडमधल्या मोठ्या शहरातूनच स्कूटर घेऊन सहाशे किलोमीटरचा पूर्ण फेरा मारावा, की थेट मे हाँग सोनला पोहोचून तिथे गाड्या घ्याव्यात? (एक वाचक, नाशिक)

तिथेच घ्या. पूर्ण फेऱ्यात रोज शे-दीडशे किलोमीटर घाट कापावा लागतो. एकट्या 1095 क्रमांकाच्या रस्त्यावर चियांग माई ते वाटेतले पाई गाव या टप्प्यात 762 वळणे मोजली जातात. घाटात गाडी चालवण्याची रोजची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मनगटे आणि लक्ष दोन्ही थकतात, आणि अपघात नेमके तेव्हा होतात. चियांग माईच्या आर्केड बसस्थानकावरून मिनीव्हॅन मिळते, साधारण सहा तास लागतात. घाटात गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या आणि पुढची जागा मागा.

गावात मुक्काम ठेवून रोज एक दिशा धरा. पहिल्या संध्याकाळी फक्त डोई काँग मूच्या टेकडीवर जा. वरच्या मंदिरातला मोठा चेदी, म्हणजे स्तूप, 1860चा आहे आणि तिथून खाली चाँग खाम तळे, त्याच्या काठची शान या म्यानमारकडच्या समाजाच्या पद्धतीची दोन मंदिरे आणि विमानतळाची धावपट्टी असे सगळे गाव एका नजरेत दिसते. रस्ता लहान पण चढाचा आहे, म्हणून गाडीची परीक्षाही तिथेच होते: चढताना दम लागतो का, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का. खोट दिसली तर त्याच दिवशी गाडी बदलून घेता येते.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघा. दहाएक किलोमीटरवर भातखाचरांवरून गेलेला सू तोंग पे हा बांबूचा लांबलचक पूल आहे, तिथून पुढे था प्ला ही माशांची गुहा. त्यानंतर पश्चिमेला वळून फा सुआ धबधब्यामार्गे बान राक थाईला पोहोचा. गावापासून अंतर सुमारे 44 किलोमीटर. चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या कुओमिंतांग, म्हणजे चीनच्या राष्ट्रवादी पक्षाच्या, सैनिकांच्या वंशजांचे हे गाव, तळ्याकाठी चहाचे मळे. तिथे ऊलाँग चहा चाखायला देतात, तेव्हा घाईने उठू नका. वाटेत ना पा पेक इथे फाटा फुटतो, तो पांग उंगच्या तळ्याकडे जातो. दोन्ही एका दिवसात होतात, पण आम्ही म्हणू दोन दिवस द्या.

माझ्याकडे भारतातले लायसन्स आहे. तिथे कोणी विचारत नाही, असे ऐकतो. खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

दुकानदार बहुधा विचारत नाही. पोलीस नाक्यावर विचारतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी तर हमखास विचारते. आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. सारथी पोर्टलवर किंवा आरटीओत नमुना 4-अ भरायचा, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा-तिकिटाचे कागद सोबत न्या. हातात पुस्तिका आली की तिथेच उघडून दुचाकीचा रकाना, म्हणजे 'ए', शिक्का मारलेला आहे ना ते पाहा. फक्त मोटारीचा शिक्का पडला असेल तर दुचाकीसाठी त्या परवान्याचा उपयोग नाही. प्रवासात मूळ लायसन्सही जवळ हवे.

प्रवासविम्याच्या कागदात दुचाकीचे कलम शोधा. बहुतेक ठिकाणी वैध परवाना आणि हेल्मेट या अटी असतात, काहींत इंजिनाच्या सीसीची मर्यादा असते, काहींत दुचाकी सरसकट वगळलेली असते. भाड्याच्या गाडीला जो सक्तीचा विमा असतो त्यातून जखमींच्या उपचाराला मर्यादित रक्कम मिळते, गाडीचे नुकसान त्यात येत नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे, दंड 2,000 बाथपर्यंत होऊ शकतो. वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, ही एक मोठी सोय.

गाडी कुठली घ्यावी? दुकानदाराने पासपोर्ट ठेवून घेतला तर? (एक वाचक, ठाणे)

गिअरची सवय असेल तर होंडा वेव्ह: पायाने गिअर टाकायचे, हाताने दाबायचा क्लच नाही, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवते. स्कूटरच हवी असेल तर 125 सीसीची होंडा क्लिक. भाडे दिवसाला साधारण 200 ते 300 बाथ. एका गाडीवर एकच जण बसा. फा सुआच्या पुढचा चढ इतका उभा आहे की 110 सीसीच्या गाडीवर दोन धट्टेकट्टे बसले तर मागच्याला उतरून चालावे लागते, आणि उतारावर ब्रेकवरचा भार वाढतो तो वेगळाच.

मूळ पासपोर्ट देऊ नका. झेरॉक्स आणि रोख अनामत, दोन-तीन हजार बाथ, यावर तयार होणारे दुकान शोधा. पैसे देण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: ओरखडे, आरसे, इंडिकेटर, सायलेन्सरची खालची बाजू, पेट्रोलचा काटा. चाकात हवा साधारण पुढे 29 आणि मागे 33 पीएसआय असावी. टायरच्या मधल्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर ती गाडी नको. क्लिकच्या टाकीत साडेपाच लिटर मावते, उत्तरेचा फेरा आरामात होतो. तरी गावातून निघताना टाकी भरा. वर दुकानांत बाटलीतले पेट्रोल मिळते, पण महाग पडते.

उतारावर स्कूटरचा ब्रेक लागेनासा झाला, जळका वास आला, असे मित्राने सांगितले. असे का होते? (एक वाचक, सातारा)

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

स्कूटरमध्ये पट्टा आणि आपोआप लागणारा-सुटणारा क्लच असतो. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि मागचे चाक इंजिनापासून मोकळे होते. मग उतारावर गाडी नुसती घरंगळते, सगळा भार ब्रेकवर येतो. चालवणारा घाबरून लिव्हर किलोमीटरभर दाबूनच ठेवतो. मागच्या ड्रममधले लायनर तापून घसरू लागतात, पुढच्या डिस्कच्या कॅलिपरमधले ऑइल उकळून त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर हँडलपर्यंत मऊ येतो आणि ब्रेक मात्र लागत नाही.

उपाय असा. उतार सुरू झाला की जरा रेस देऊन सोडा. क्लच पकडतो आणि मूठ बंद असली तरी इंजिन थोडे मागे ओढू लागते. गाडी पुन्हा मोकळी सुटल्यासारखी वाटली की पुन्हा तसेच करा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही एकदम, दोन-तीन सेकंद नीट दाबा आणि पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळातच तो निवतो. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक आवळू नका. आतल्या कडेला खडी आणि पावसानंतर माती साचलेली असते, चाक तिथेच सरकते. वास आला किंवा लिव्हर मऊ लागला तर बाजूला थांबा, पंधरा-वीस मिनिटे गाडी उभी ठेवा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

आपल्याकडे पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करून सोडतात. तिथे हे चुकूनही करू नका. बंद इंजिनाला स्कूटर धरता येत नाही.

मुलगी मैत्रिणींबरोबर मार्चमध्ये जायचे म्हणते. आम्ही शाकाहारी, त्यातही चतुर्थीला कांदा-लसूण नाही. जमेल का? (एक आई, पुणे)

ताई, महिना बदलायला सांगा. फेब्रुवारीच्या अखेरपासून एप्रिलपर्यंत त्या भागात शेते आणि जंगले पेटलेली असतात. धुराने डोंगर दिसत नाहीत आणि दिवसभर गाडीवर राहिले की घसा व डोळे चुरचुरतात. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. नोव्हेंबरात खुन युआमजवळ मे ऊ खोचे डोंगर रानसूर्यफुलांनी पिवळे होतात. पहाटे वर कडाक्याची थंडी असते, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट हवेच. धुके विरल्यावर, नऊच्या सुमारास निघावे आणि पाचपर्यंत गावात परतावे.

जेवणात अडचण माशांच्या सॉसची, तो भाजीतही घालतात. 'जे' हा शब्द पाठ करायला सांगा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासोबत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चतुर्थीची सोय होईल. एरवीच्या दिवशी सकाळच्या बाजारात शान लोकांचे 'थुआ फू उन' चाखावे: डाळीच्या पिठाचे गरम, सैल पिठले म्हणा ना. सोबतच्या शेवयांवर मांसाचा रस्सा नाही ना, एवढे विचारावे.

चार गाड्या एकत्र कशा न्याव्यात? आणि कोणी पडलेच तर? (एक वाचक, मडगाव)

सर्वांत हळू चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर, सर्वांत अनुभवी शेवटी. दोन गाड्यांत किमान तीन सेकंदांचे अंतर. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचे, मग घाटात मोबाइलला रेंज नसली तरी कोणी हरवत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा.

कोणी पडले तर आधी पुढच्या-मागच्या वळणावर एकेक जण उभा करा, येणाऱ्या गाड्यांना थांबवायला. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155, तिथे इंग्रजीत बोलता येते. दुकानदाराला फोन त्यानंतर. खरचटल्यावर स्वच्छ पाण्याने खडी-माती पूर्ण धुवा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ते निघण्यापूर्वी घरीच घेऊन टाका.