रेड 5 च्या दोन डिस्क एकदम गेल्या, आता क्रिएट करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की चार डिस्कचा रेड 5 (चार डिस्क मिळून एक, त्यातली एक गेली तरी डेटा राहतो) आहे, परवा रात्री लाइट गेली-आली आणि तेव्हापासून एमडी झिरो (लिनक्समधलं त्या रेडचं, म्हणजे अ‍ॅरेचं नाव) इनॅक्टिव्ह दाखवतंय, दोन डिस्क बाहेर पडल्यात, आणि कोणीतरी सांगितलं की एमडीएडीएमचं (लिनक्समध्ये रेड सांभाळणारी कमांड) क्रिएट, म्हणजे अ‍ॅरे नव्याने बनवणं, परत चालव, डेटा येतो. येतो कधीकधी, पण डिस्कची ऑर्डर, चंक साइज (एका डिस्कवर सलग किती लिहायचं), डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो) यातलं एक जरी चुकलं (आणि डिफॉल्ट ऑफसेट जुन्या-नव्या व्हर्जनमध्ये वेगळा असतो) तर काहीच वाचता येत नाही, आणि जुना सुपरब्लॉक (डिस्कवरची रेडची नोंद) पुसला गेलेला असतो तो वेगळाच. त्यात अझ्यूम क्लीन (डेटा बरोबर आहे असं धर, असं सांगणारा ऑप्शन) द्यायचं राहिलं तर रिबिल्ड (बाकीच्या डिस्क वाचून एक डिस्क परत भरणं) सुरू होऊन एका डिस्कवर लिहायलाही लागतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे रामबागेत अगदी हेच झालं. बाबांनी शूट केलेली लग्नं, मुंजी, घरचे गणपती, सगळं कॅसेटवरून उतरवून 4 टीबीच्या चार डिस्कवर ठेवलेलं, दुसरी कॉपी नाही. त्यामुळे तुमची धडधड मला कळते. पण दोन डिस्क एकाच मिनिटाला खरोखर मरणं फार कमी वेळा होतं, बहुतेक वेळा केबल, पॉवर स्प्लिटर नाहीतर कंट्रोलर असतो. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) 199 नंबरचा सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाताना झालेली चूक) वाढलेला दिसला तर केबलवरच संशय घ्या, 5 आणि 197 (खराब सेक्टरचे आकडे) वाढलेले असतील तर मात्र डिस्कच आजारी आहे. माझ्याकडे 199 होता, सिल्व्हर मॉलमधून नवीन साटा केबल आणि स्प्लिटर आणला आणि चारही डिस्क बायोसमध्ये परत दिसल्या.

आता खरं काम. प्रत्येक डिस्कवर एमडीएडीएम एक्झामिन (सुपरब्लॉक नुसता वाचून दाखवतं) चालवा, आउटपुट पेन ड्राइव्हवर सेव्ह करा, आणि डिस्कचा सीरियल नंबर सोबत लिहा कारण एसडीए-एसडीबी ही नावं रिबूटनंतर बदलतात. त्यात तीन ओळी नीट बघायच्या, इव्हेंट्स (अ‍ॅरेतल्या बदलांचा वाढत जाणारा आकडा), अपडेट टाइम आणि अ‍ॅरे स्टेट (ए म्हणजे डिस्क चालू, टिंब म्हणजे गायब). माझ्या पहिल्या दोन डिस्कवर इव्हेंट्स 48213, तिसरीवर 48209, चौथीवर 31877. पहिल्या दोघी अ‍ॅरे स्टेट सांगत होत्या ए ए टिंब टिंब, तिसरी ए ए ए टिंब, आणि चौथी चक्क ए ए ए ए. म्हणजे प्रत्येक डिस्क ती बाहेर पडली त्या क्षणाचंच चित्र धरून बसलेली असते. चौथीचा अपडेट टाइम मार्चमधला होता, ती चार महिने आधीच पडली होती आणि मेल अलर्ट लावलेला नसल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता! ही शिळी डिस्क घ्यायचीच नाही, रेड 5 ला चारातल्या तीन पुरतात आणि चार इव्हेंट्सचा फरक म्हणजे शेवटच्या क्षणाच्या काही राइट्स, तेवढा चालतो.

डिस्क आजारी असेल तर आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क कॉपी करणारं टूल) मॅपफाइलसकट (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नव्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. डिस्क ठीक असल्या तरी मी डीएमसेटअपचा स्नॅपशॉट ओव्हरले लावतो, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते बाजूच्या एका स्पार्स फाइलमध्ये जातं, मूळ डिस्क जशीच्या तशी राहते आणि चुकलात तरी फाइल उडवून परत पहिल्यापासून. याला अर्धा तास जास्त लागतो, लागू द्या.

मग एमडी झिरो स्टॉप करा आणि त्या तीन डिस्कची नावं देऊन असेंबल फोर्स (आहे तोच अ‍ॅरे जबरदस्तीने परत जोडणं). प्रॉक एमडीस्टॅटमध्ये (अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल) तीन यू (चालू डिस्क) आणि एक अंडरस्कोर (नसलेली डिस्क) दिसला की अ‍ॅरे उठला. लगेच माउंट नका करू, आधी एफएसचेक (फाइलसिस्टम तपासणारी कमांड) फक्त एन लावून, म्हणजे तो नुसता बघेल, दुरुस्त करणार नाही. जर्नल (अर्धवट राहिलेल्या राइट्सची नोंद) रिकव्हर करायचा राहिलाय म्हणून थोड्या तक्रारी करेल, त्याने घाबरू नका, पण हजारो एरर आले तर थांबा. नाहीतर रीड ओन्ली माउंट, आणि फाइलसिस्टम एक्स्ट 4 असेल तर नोलोड हा ऑप्शनपण द्या, कारण नुसतं रीड ओन्ली म्हटलं तरी तो जर्नल रीप्ले करतो. मी पहिली फाइल उघडली ती ताईच्या लग्नाची, आणि मधूनमधून ओढून बघितली, मग लगेच सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, त्याला दीड दिवस गेला. नवीन चौथी डिस्क अ‍ॅड करणं त्यानंतर, आधी नाही, कारण रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात आणि कमजोर डिस्क तिथेच दम सोडते.

अजून एक, साध्या डेस्कटॉप डिस्क असतील तर खराब सेक्टरवर त्या बराच वेळ अडून बसतात, लिनक्स 30 सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतो आणि डिस्क बाहेर. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटी ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरवर जास्तीत जास्त किती वेळ अडायचं) 70 करा, म्हणजे 7 सेकंद, डिस्क ते मानत नसेल तर कर्नलचा टाइमआउट 180 करा, आणि हे प्रत्येक बूटला लागायला हवं.

आज फक्त एक्झामिन चालवा आणि चारही डिस्कचे आउटपुट इथे टाका. रात्री नऊनंतर मी बसतो, कोणत्या तीन घ्यायच्या ते आकडे बघून सांगतो.