इंग्रजी नामाचे प्रकार पाठ आहेत, तरी लिहिताना चुकतं. नक्की प्रकार किती?

तुमची अडचण अशी की प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट हे पाचही प्रकार पाठ आहेत, पण लिहायला बसलं की चुका होतात. शिवाय एखाद्या पुस्तकात काउंटेबल आणि अनकाउंटेबल धरून प्रकार सात होतात, म्हणून गोंधळ.

मुळात या दोन वेगळ्या वाटण्या आहेत. पाचाची वाटणी अर्थावरून आणि दोनाची मोजण्यावरून. एकाच वर्गातली मुलं आधी गावावरून वेगळी केली आणि मग उंचीवरून, तसं. दोन्हींची बेरीज करायचीच नसते. परीक्षेत पाचाच्या वाटणीला मार्क असतात, वाक्य मात्र दोनाच्या वाटणीपाशी अडतं.

पाचांपैकी विशेषनाम, सामान्यनाम, भाववाचक नाम मराठीतूनच ओळखीची आहेत. फक्त आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून वार, महिने आणि भाषांची नावं इंग्रजीत विशेषनामं धरतात हे निसटतं. मंडे, मार्च, मराठी, सगळ्यांना कॅपिटल. ऋतूंना मात्र नाही.

आता मोजण्याचं. आपण मराठीत मोजतो आणि तेच इंग्रजीत उतरवतो, तिथे फसतो. आपल्याकडे सल्ले देतात, बातम्या ऐकतात. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, होमवर्क ही सगळी न मोजायची नामं. त्यांना अनेकवचनाचा एस लागत नाही, आधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ येत नाही. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, तरी पुढे ‘इज’च. पहिल्या नोकरीत मी साहेबांना ‘थँक्स फॉर युवर अ‍ॅडव्हायसेस’ असं लिहून पाठवलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने माझं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर जात होतं. मोजायचंच असेल तर दुधाला जसं ‘दोन पेले’ म्हणतो, तसं ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

यात तर्क फार शोधू नका. आपण तांदूळ निवडतो, पोहे खातो, दाणे डोळ्यांसमोर ठेवून अनेकवचन करतो. इंग्रजीत राइस न मोजायचा, बीन्स मात्र मोजायच्या. वाटाण्याची तर गंमतच आहे. जुना इंग्रजी शब्द ‘पीज’ असा होता, राइससारखाच. शेवटचा उच्चार ऐकून लोकांना तो अनेकवचनी वाटला आणि त्यांनी त्यातून एका दाण्यासाठी ‘पी’ हा नवा शब्द पाडला. म्हणजे चूक तिकडच्यांनीच केली आणि ती रूढ झाली!

पाठांतर कमी पडतं याचं दुसरं कारण असं की प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, तो वाक्यात ठरतो. ग्लास म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. आयर्न म्हणजे लोखंड, ‘अ‍ॅन आयर्न’ म्हणजे इस्त्री. डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअर, पण आमटीत सापडला तर ‘अ हेअर’. ‘गोल्ड रिंग’मध्ये तर गोल्ड हे नाम विशेषणाचं काम करतं.

समूहवाचकात एवढं लक्षात ठेवा: टीमला अमेरिकेत बहुधा ‘इज’ लावतात, ब्रिटनमध्ये ‘इज’ही चालतं आणि ‘आर’ही. पोलिसांना दोन्हीकडे ‘आर’.

शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात नामापुढे सी किंवा यू असं अक्षर छापलेलं असतं. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न येणारं. नवा शब्द वहीत उतरवताना ते अक्षरही उतरवा. दोन्ही अक्षरं दिसली तर दोन्ही अर्थ वाचा आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य स्वतः करून बघा. पेपरपासून सुरुवात करा: नुसता पेपर म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र.