३६५ हाताने लिहू नका: लीप वर्षातलं ठेवींचं व्याज आणि एक्सेलच्या तारखा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या पतसंस्थेत १ ऑक्टोबर २०२३ ला एक लाखाची ठेव, दर ८.५ टक्के, सरळ व्याज, मुदत १ ऑक्टोबर २०२४. शीटमध्ये व्याज ८,५२३.२९ येतं, पावतीवर ८,५०० छापलंय आणि लेखापरीक्षक विचारतायत की खरं कोणतं. शिवाय २९ फेब्रुवारी २०२४ च्या पावत्यांची मुदत एका कॉलममध्ये २८ फेब्रुवारीला संपते, दुसऱ्यात १ मार्चला.

(सूत्रं शीटमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

एक्सेल तारीख लक्षात ठेवत नाही, दिवसांचा अनुक्रमांक ठेवतं. २९ फेब्रुवारी २०२४ म्हणजे ४५३५१, १ मार्च म्हणजे ४५३५२. त्यामुळे एका तारखेतून दुसरी वजा केली की लीप दिवस आपोआप मोजला जातो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तुमच्या ठेवीचे दिवस ३६६ आले ते बरोबरच आहेत. घोटाळा भागाकारात आहे. वर ३६६ दिवस घेतले आणि खाली हाताने ३६५ लिहिलं, म्हणून वर्षाच्या व्याजावर एका दिवसाचं जादा व्याज चढलं: २३ रुपये २९ पैसे. एका पावतीवर हे कुणाला दिसत नाही. एक कोटीच्या ठेवींवर तेच २,३२९ रुपये होतात आणि किर्द-खतावणी जुळेनाशी होते.

आता खरं उत्तर कोणतं? या एकाच ठेवीची चार उत्तरं निघतात आणि चारही कुठल्या ना कुठल्या नियमाने बरोबर आहेत:

कायम ३६५ ने भागलं तर ८,५२३.२९.
मुदतीत २९ फेब्रुवारी येते म्हणून ३६६ ने भागलं तर ८,५००.
कॅलेंडर वर्षाप्रमाणे तोडलं (२०२३ चे ९२ दिवस ३६५ ने, २०२४ चे २७४ दिवस ३६६ ने) तर ८,५०५.८५.
आर्थिक वर्षाप्रमाणे तोडलं (३१ मार्चपर्यंतचे १८३ दिवस ३६६ ने, पुढचे १८३ दिवस ३६५ ने) तर ८,५११.६४.

यातला नियम सूत्र ठरवत नाही. ठेवीच्या अटी, पोटनियम आणि संचालक मंडळाचा ठराव काय म्हणतो ते आधी बघा. पावतीवर ८,५०० छापलंय म्हणजे छपाईच्या प्रोग्रामने वरचा ३६६ चा नियम धरलाय किंवा दिवस न मोजता सरळ एक वर्ष धरलंय, एवढंच त्यावरून कळतं. ठरावात भागाकाराचा उल्लेखच नसेल तर तो घालून घ्या. लेखापरीक्षकांना आकड्याबरोबर नियमही लेखी द्या. तो नसेल तर कुठलाही आकडा दाखवला तरी शंका राहणारच.

इथे एक चूक फार जण करतात. २०२४ लीप वर्ष, म्हणून २०२४-२५ या आर्थिक वर्षाला ३६६ ने भागतात. २९ फेब्रुवारी २०२४ ही २०२३-२४ मध्ये पडते. ३६६ दिवसांचं आर्थिक वर्ष ते. पुढचं २०२७-२८.

तोडून मोजायचं असेल तर मांडणी अशी करा. ए मध्ये ठेवीची तारीख, बी मध्ये मुदतीची, सी मध्ये मुद्दल. पहिल्या ओळीत डी१, ई१, एफ१ मध्ये वर्षारंभाच्या तारखा: १-४-२०२३, १-४-२०२४, १-४-२०२५. मग डी२ मध्ये:

=मॅक्स(०,मिन($बी२,ई$१)-मॅक्स($ए२,डी$१))/(ई$१-डी$१)

हे उजवीकडे ई२ मध्ये ओढा, मग खाली सगळ्या ओळींत. वरचा भाग त्या वर्षात पडणारे दिवस देतो. खालचा भाग म्हणजे पुढच्या वर्षारंभातून हा वर्षारंभ वजा, म्हणजे ३६५ की ३६६ हे शीट स्वतःच काढतं. तुमच्या ठेवीला डी२ मध्ये ०.५ आणि ई२ मध्ये ०.५०१३७ यायला हवं. व्याज म्हणजे =राउंड(सी२*८.५%*सम(डी२:ई२),२). राउंड शेवटी एकदाच लावा. प्रत्येक वर्षाला वेगळा लावला की पैशापैशाचा फरक साठत जातो. कॅलेंडर वर्षाने तोडायचं असेल तर सूत्राला हात लावू नका, पहिल्या ओळीत १-१-२०२३, १-१-२०२४, १-१-२०२५ टाका. मुदत मोठी असेल तर तारखांचे कॉलम वाढवा आणि शेवटची तारीख सगळ्यांत लांबच्या मुदतीच्या पुढची ठेवा, नाहीतर उरलेले दिवस गुपचूप गळतात.

इयरफ्रॅक (दोन तारखांमधला काळ वर्षांत देणारं फंक्शन) वापरणाऱ्यांसाठी: दोन तारखांनंतरची तिसरी जागा मोकळी सोडली की ते महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतं. १ जानेवारी ते १ एप्रिल २०२३ आणि २०२४ या दोन्हींना ०.२५ च येतं, लीप दिवस दिसतच नाही. ३ लिहिलं तर प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५, १ लिहिलं तर प्रत्यक्ष दिवस आणि प्रत्यक्ष वर्ष. जो आकडा वापराल तो ठरावाशी जुळला पाहिजे.

आता २९ फेब्रुवारीच्या पावत्या. ईडेट तारीख सांगितलेले महिने पुढे नेतं. =ईडेट(ए२,१२) ला फेब्रुवारी २०२५ मध्ये २९ तारीख सापडत नाही, म्हणून ते महिन्याच्या शेवटी थांबतं: २८-२-२०२५. =डेट(इयर(ए२)+१,मंथ(ए२),डे(ए२)) उरलेला दिवस पुढे ढकलतं: १-३-२०२५. तुमच्या दोन कॉलममध्ये ही दोन वेगळी सूत्रं असणार, तपासून बघा. माझं मत ईडेटच्या बाजूने आहे, कारण फेब्रुवारीची पावती फेब्रुवारीतच संपते. पण संस्थेत काहीही ठरलं तरी सगळीकडे एकच सूत्र ठेवा.

ईडेट साखळीने मात्र लावू नका. मासिक व्याजाच्या ठेवीत ३१ जानेवारी २०२४ वरून एक महिना पुढे म्हणजे २९ फेब्रुवारी, आणि त्या उत्तरावरून पुन्हा एक महिना म्हणजे २९ मार्च. ३१ तारीख तिथेच हरवली, पुढे कधी परत येत नाही. प्रत्येक वेळी मूळ तारखेवरूनच मोजा: =ईडेट($ए२,१), =ईडेट($ए२,२), तेव्हा ३१ मार्च मिळतो. वर्षाचंही तसंच. २९-२-२०२४ वरून एकदम ४८ महिने मोजले तर २९-२-२०२८ येते, बारा-बारा करत चारदा गेलात तर २८-२-२०२८.

वयाच्या कॉलमकडे जरूर बघा, कारण तिथे दर बदलतो. दिवस भागिले ३६५ केलं तर १० जून १९६५ चा जन्म असलेला ठेवीदार २६ मे २०२५ लाच साठीचा ठरतो आणि ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर पंधरा दिवस आधी लागतो; मधल्या साठ वर्षांतले पंधरा लीप दिवस हेच ते. ३६५.२५ ने भागणं हाही उपाय नाही. १ मार्च २००८ चा जन्म, १ मार्च २०२६ ला अठरा पूर्ण, पण दिवस होतात ६,५७४. त्याला ३६५.२५ ने भागून पूर्णांक घेतला की १७ येतात आणि खातं अज्ञान म्हणूनच पडून राहतं. =डेटडिफ(जन्मतारीख,आजची तारीख,"वाय") वापरा, पूर्ण झालेली वर्षं नीट देतं. त्यातलं "एमडी" मात्र टाळा, उरलेले दिवस ते कधीकधी चुकीचे देतं.

तारीख खरोखर तारीख आहे ना, हेही बघावं लागतं. कुणी २९-२-२०२३ टाइप केलं तर एक्सेल ओरडत नाही, मुकाट्याने मजकूर म्हणून ठेवतं. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर २९/०२/२०२४ मजकूर होतो आणि ०५/०२/२०२४ ची २ मे होते. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती कुठेच दिसत नाही. मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे "मुदत संपली का" या तुलनेतही तो चुकीचं उत्तर देतो. =इझनंबर(ए२) चा एक कॉलम काढा आणि फॉल्स आलेल्या ओळी दुरुस्त करा. महिना-दिवस उलटलेत का हे बघायला तारखा दिवस-महिन्याचं नाव-वर्ष अशा रूपात दाखवा.

जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलमधल्या तारखा चार वर्षं आणि एक दिवस सरकलेल्या दिसल्या तर ती १९०४ ची तारीखपद्धत आहे, फरक १,४६२ दिवसांचा. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड मध्ये ती खूण बघा. आणि एक्सेल १९०० ला लीप वर्ष मानतं, अनुक्रमांक ६० ला २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं, जी तारीख कधी आलीच नाही. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून ही चूक मुद्दाम ठेवली गेली. ठेवींना याचा त्रास नाही. जुन्या दप्तरातल्या नोंदी चढवणाऱ्यांना मात्र आहे: राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यारोहणाची तारीख, २ एप्रिल १८९४, एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही, लिब्रेऑफिस हा मोफत स्प्रेडशीट प्रोग्राम घेतो.

शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या आवकेची मागच्या वर्षाशी तुलना करणाऱ्या मंडळींनीही असाच प्रश्न विचारला होता. तिथे ३६५ वजा करू नका, =ईडेट(ए२,-१२) घ्या. वार जुळवायचा असेल तर ३६४ वजा करा, ते बरोबर ५२ आठवडे होतात.

शीट दुरुस्त झाल्यावर या चार ओळी टाकून बघा. २८-२-२०२३ ते १-३-२०२३ एक दिवस. २८-२-२०२४ ते १-३-२०२४ दोन दिवस. १-१०-२०२२ ते १-१०-२०२३ तीनशे पासष्ट. इथे ३६६ आले तर दोष लीप वर्षाचा नाही, सूत्रात कुठेतरी +१ आहे. आणि १-४-२०२७ ते १-४-२०२८ तीनशे सहासष्ट.