बदल केलेल्या जुन्या बंदुकीचे मोल

प्रश्न : माझ्या संग्रहातील एक बंदूक मुळात चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटणारी) होती, पुढे कोणीतरी ती टोपीची (आघाताने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीने बार उडणारी) करून घेतली. तिची किंमत कशी ठरवावी? पुन्हा चकमक बसवून घेतल्यास ती वाढेल का?

उत्तर : मूळ अवस्थेतील बंदुकीच्या किमतीतून ठरावीक टक्के वजा करण्याची पद्धत भरवशाची नाही, कारण बदल कधी, कोणी आणि कशासाठी केला यावर सारे अवलंबून असते. अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूवर चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले, त्यानंतर काही दशकांत टोपीची पद्धत रुळली आणि चकमकीच्या असंख्य बंदुका मोडीत न काढता तिच्यासाठी बदलून घेतल्या गेल्या. वापरात असताना झालेला असा बदल हा त्या बंदुकीच्या इतिहासाचाच भाग असतो. ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलींना १८६० च्या दशकात स्नायडर यंत्रणा बसवून त्या मागून भरता येतील अशा केल्या गेल्या. संग्राहक त्यांच्याकडे स्वतंत्र प्रकार म्हणूनच पाहतात. याउलट, पुढे कोणी हौसेने नळी कापली, धातू घासून चकचकीत केला किंवा झिजलेले ठसे नव्याने कोरले, तर झालेले नुकसान भरून येत नाही.

पुन्हा चकमक मात्र कृपया बसवू नका. नवे सुटे भाग घातलेली बंदूक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. रंजकाच्या (नळीतील बार पेटवणाऱ्या दारूच्या) छिद्राभोवती, वर्षानुवर्षे पेटलेल्या रंजकाने धातू खाल्लेला दिसतो. शेजारचा घोडा आणि रंजकाची वाटी कोरी करकरीत असली, की शंका येतेच. तुमच्या बंदुकीच्या कळेच्या (दारू पेटवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर बुजवलेली स्क्रूची छिद्रे दिसत असतील, तर ती जुन्या बदलाची मौल्यवान खूण आहे; ती झाकू नका.

किंमत काढताना त्याच नमुन्याच्या आणि त्याच प्रकारे बदललेल्या बंदुका लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहावे. विक्रेत्याने सांगितलेला भाव हा पुरावा नव्हे. मग नळी, कळ आणि दस्ता यांवरील क्रमांक व ठसे एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे. हाताळण्यापूर्वी जाणकाराकडून नळीत गज घालून खोली मोजून घ्यावी, कारण ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरण्याच्या, बंदुकीत जुना बार (न उडालेली दारू-गोळी) कधीकधी तसाच राहिलेला आढळतो.