मनासारखं टेम्प्लेट नसताना ऑनलाइन दुकानाचं रूप बदलायचं असेल तर सगळं कोऱ्या फाईलपासून लिहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनवर) दुकान उभं केलं, मनासारखी थीम, म्हणजे दिसण्याचा तयार संच, मिळाली नाही, हाती आली त्या थीममध्ये बदल करायला घेतले, आणि आता एक जागा नीट केली की दुसरी मोडते. मग थीम पूर्ण नव्याने लिहिलेली बरी का?

नाही. आणि 'मूळ टेम्प्लेट फाईल (पानाचा साचा) थीममध्ये कॉपी करून हवी तशी बदला' असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिलाच असेल, तोही सरसकट मानू नका. तुमचं दुकान बहुधा त्याच सल्ल्यामुळे मोडतंय.

दुकानाच्या टेम्प्लेटमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे ग्राहकाला दिसणारी मांडणी. दुसरी म्हणजे मागच्या जावास्क्रिप्टने आणि पीएचपीने पकडण्यासाठी ठेवलेल्या खुणा: क्लासची नावं, आयडी, लपवलेली फील्ड, हुकच्या ओळी (जिथे बाहेरून आपला कोड टांगता येतो त्या जागा). ब्लॉगच्या थीममध्ये खूण उडाली तर फार तर रचना बिघडते. दुकानात बेरीज चुकीची दिसते किंवा ऑर्डरच जात नाही. डिझाइन करणारा माणूस पहिली गोष्ट बघतो, दुसरी त्याला कचरा वाटते, आणि 'स्वच्छ मार्कअप'च्या नावाखाली तो ती काढून टाकतो.

चेकआउटचं पान घ्या, कारण खरं नुकसान तिथेच होतं. जुन्या, शॉर्टकोडवर (पानात लिहायच्या छोट्या खुणेवर) चालणाऱ्या चेकआउटमध्ये ग्राहकाने पत्ता बदलला की ब्राउझर सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर एचटीएमएलचे दोन तयार तुकडे परत पाठवतो. एक ऑर्डरच्या तक्त्याचा, त्याचा क्लास 'वूकॉमर्स-चेकआउट-रिव्ह्यू-ऑर्डर-टेबल'. दुसरा पैसे भरण्याच्या पर्यायांचा, क्लास 'वूकॉमर्स-चेकआउट-पेमेंट'. पानावर हे क्लास शोधायचे आणि त्या जागी नवे तुकडे बसवायचे, एवढंच ती स्क्रिप्ट करते. आता तुम्ही तक्ता काढून छानसे डिव्ह लावलेत आणि क्लास पुढे नेला नाहीत, तर स्क्रिप्टला जागा सापडत नाही. ती कुरकुर करत नाही. कन्सोलमध्ये लाल ओळ नाही, लॉगमध्ये नोंद नाही. स्क्रीनवर जुनीच बेरीज राहते आणि ऑर्डर नोंदवताना सर्व्हर स्वतःचा हिशेब नव्याने करतो. ग्राहकाने एक रक्कम बघितलेली असते आणि कापली जाते दुसरी. अशी तक्रार आली की सगळे पेमेंट गेटवेला दोष देतात आणि चुकीच्या दारावर धडका मारत बसतात.

त्याच फॉर्ममधली पुढची जागा म्हणजे पत्त्याची फील्ड. अनेकजण फॉर्मच्या टेम्प्लेटमध्ये इनपुट हाताने लिहितात, कारण दोन फील्ड शेजारी शेजारी हवी असतात. पण पिनकोड बदलल्यावर डिलिव्हरीचा खर्च पुन्हा मोजायचा की नाही, हे स्क्रिप्ट त्या फील्डभोवतीच्या 'ॲड्रेस-फील्ड' या क्लासवरून ठरवते. हाताने लिहिलेल्या इनपुटभोवती तो नसतो, म्हणून पिनकोड बदलला तरी खर्च हलत नाही. तिसरी जागा 'पेमेंट' नावाच्या टेम्प्लेटमध्ये, ऑर्डरच्या बटणाजवळ आहे. तिथे सुरक्षेचं एक लपलेलं फील्ड असतं, ज्याला नॉन्स म्हणतात. बटण सजवताना ती ओळ उडाली की 'ऑर्डरवर प्रक्रिया करता आली नाही' एवढाच संदेश येतो आणि कारण कुणालाच कळत नाही. बटणाचा आयडी 'प्लेस_ऑर्डर' बदलू नका. गेटवेच्या प्लगइनांच्या स्क्रिप्ट अनेकदा त्यालाच धरून असतात.

यातलं काहीही करायला टेम्प्लेट कॉपी करण्याची गरज नव्हती. फील्डचा क्रम, लेबल, रुंदी, सक्तीचं की ऐच्छिक, हे सगळं 'वूकॉमर्स_चेकआउट_फील्ड्स' या फिल्टरने (माहिती वापरली जाण्याआधी बदलू देणाऱ्या हुकने) बदलतं. प्रत्येक फील्डला प्रायॉरिटीचा आकडा असतो: नाव 10, आडनाव 20, कंपनी 30, देश 40, पत्त्याची पहिली ओळ 50, दुसरी 60, शहर 70, राज्य 80, पिनकोड 90, फोन 100, ईमेल 110. फोन वर हवा असेल तर त्याला 25 द्या, झालं. शेजारी शेजारी बसवायला 'फॉर्म-रो-फर्स्ट' आणि 'फॉर्म-रो-लास्ट', पूर्ण ओळीला 'फॉर्म-रो-वाइड'.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकजण पडतो. शहर, राज्य, पिनकोड यांचा क्रम किंवा लेबल या फिल्टरने बदललंत तर पान उघडताना बदल क्षणभर दिसतो आणि लगेच जुनं परत येतं. कारण पान लोड झाल्यावर आणखी एक स्क्रिप्ट निवडलेल्या देशाच्या नियमांप्रमाणे ही फील्ड पुन्हा लावते, आणि ते नियम तिला वेगळ्या ठिकाणाहून मिळतात. पत्त्याच्या सामायिक फील्डसाठी 'वूकॉमर्स_डिफॉल्ट_ॲड्रेस_फील्ड्स' हा फिल्टर वापरायचा. फोन-ईमेलला आधीचाच चालतो. आणि देशाचं फील्ड नको म्हणून थेट काढू नका. डिलिव्हरीचे झोन आणि कर त्याच्यावर बेतलेले आहेत. एकाच देशात विकत असाल तर सेटिंगमध्ये विक्रीचा देश एकच ठेवा, निवडीची यादी आपोआप जाते.

वस्तूच्या पानालाही हेच लागू. उजव्या बाजूचा सगळा मजकूर 'वूकॉमर्स_सिंगल_प्रॉडक्ट_समरी' या एकाच हुकवर टांगलेला आहे: शीर्षक 5, रेटिंग 10, किंमत 10, संक्षिप्त वर्णन 20, कार्टचं बटण 30, वर्गवारीची माहिती 40, शेअरिंग 50. किंमत वर्णनाच्या खाली हवी असेल तर ती 10 वरून काढायची आणि 25 वर लावायची. दोन ओळींचं काम. काढताना आकडा तोच द्यावा लागतो. 10 वर लावलेलं 20 म्हणून काढायला गेलात तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. मूळ थीमने स्वतः लावलेली गोष्ट काढायची असेल तर आणखी एक अडचण: चाइल्ड थीमची (मूळ थीमवर बेतलेल्या, फक्त तुमचे बदल ठेवणाऱ्या थीमची) फंक्शन्स फाईल मूळ थीमच्या आधी चालते, म्हणजे तुम्ही काढता तेव्हा ती गोष्ट लागलेलीच नसते. काढण्याची ओळ 'इनिट' हुकच्या आत टाका.

रंग-मापांचे ड्रॉपडाउन जाऊन बटणं हवीत, ही मागणी हमखास येते. मूळ सिलेक्ट (म्हणजे तेच ड्रॉपडाउन) काढू नका, फक्त दिसेनासे करा, आणि बटण दाबल्यावर त्या सिलेक्टमधली निवड बदलून 'चेंज' इव्हेंट पाठवा. पुढचं सगळं मूळ स्क्रिप्ट करते. पानात छापलेल्या व्हेरिएशनच्या (एकाच वस्तूच्या रंग-मापांच्या प्रकारांच्या) जेसनवर, म्हणजे स्क्रिप्टला वाचता येणाऱ्या माहितीवर, स्वतःची स्क्रिप्ट उभी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की 30 पेक्षा जास्त व्हेरिएशन झाली की तो जेसन छापलाच जात नाही, तिथे नुसतं 'फॉल्स' येतं आणि माहिती एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून, मागवली जाते. चाचणीच्या चार रंगांच्या वस्तूवर सगळं चालतं, खऱ्या मालावर बंद पडतं.

आता थीम कोरी का लिहू नये. वरवर बघता काम थोडं दिसतं. पण थीमने वूकॉमर्सला पाठिंबा जाहीर केला नाही तर पानांची चौकट जुळत नाही. झूम, लाइटबॉक्स आणि स्लायडर हे तिन्ही वेगवेगळे जाहीर केले नाहीत तर वस्तूचे फोटो नुसते एकाखाली एक पडतात. फोटोची रुंदी थीमच्या कोडमध्ये बांधलीत तर ती बदलायची सोय कस्टमायझरमधून (वर्डप्रेसमधल्या थीमच्या सेटिंगमधून) गायब होते आणि दुकानाचा मालक ती शोधत बसतो. थीमच्या मुळाशी 'वूकॉमर्स' नावाची पीएचपी फाईल ठेवलीत तर वर्गवारीच्या पानाचं 'आर्काइव्ह-प्रॉडक्ट' हे टेम्प्लेट तुम्ही कितीही कॉपी केलं तरी वाचलं जात नाही. शिवाय कार्ट रिकामी असतानाचं पान, पासवर्ड विसरल्याचं पान, जुन्या ऑर्डरचं पान, ईमेल, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. स्टोअरफ्रंटसारखी साधी अधिकृत थीम पाया म्हणून घ्या. तिचा चाइल्ड करा, त्याच्या स्टाइलशीटच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षर न् अक्षर तेच लिहा, आणि दिसण्याचं बहुतेक काम सीएसएसमध्ये उरका. साधी थीम सजवणं सोपं असतं. भरगच्च थीममधून नको ते काढणं अवघड.

विकतची थीम घेणारच असाल तर डेमो बघून ठरवू नका. तिच्यातलं 'वूकॉमर्स' नावाचं फोल्डर उघडा आणि आत किती टेम्प्लेट कॉपी केलीत ते बघा. फोल्डर जितकं फुगलेलं, तितकी ती थीम टाळा. प्रत्येक कॉपी म्हणजे त्या दिवशीच्या वूकॉमर्सचा गोठवलेला तुकडा. मूळ फाईलमध्ये सुरक्षेची किंवा हिशेबाची दुरुस्ती झाली तरी तुमचं दुकान जुनीच कॉपी चालवत राहतं. वूकॉमर्सच्या स्टेटसच्या पानावर तळाशी टेम्प्लेटांची यादी असते, तिथे जुन्या झालेल्या फाईली सांगितलेल्या असतात. आज तुमच्या दुकानात तिथे काय लिहिलंय ते आधी बघा. मोडण्याचं कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे.

'कॉपी करायची सोय तर कागदपत्रांतच दिलीय' असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. सोय आहे, म्हणून ती पहिली पायरी ठरत नाही. हा धडा या क्षेत्राने एकदा शिकलेला आहे. मार्च 2000 मध्ये सुरू झालेल्या ओएसकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या 2.2 मालिकेत पीएचपी आणि एचटीएमएलचे तक्ते एकाच फाईलमध्ये कालवलेले होते. डावा स्तंभ काढायचा तर पानागणिक फाईल उघडावी लागे, आणि नवी सोय जोडायची म्हणजे 'ही ओळ शोधा, तिच्याखाली हे चिकटवा' अशी सूचनापत्रं हाताने पाळावी लागत. अशी दुकानं नव्या आवृत्तीवर नेणं जवळजवळ अशक्य होई. 2003 मध्ये त्यातून फुटलेल्या झेन कार्टने टेम्प्लेटच्या ओव्हरराइडची वेगळी फोल्डरं दिली, ती याच जाचातून सुटण्यासाठी. आज हुक हाताशी असताना फाईलवर फाईल कॉपी करणारा माणूस दुकानाला पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवतो.

सॉफ्टवेअर बदलून हे टळत नाही. मॅजेंटो 2 मध्ये टेम्प्लेटला हात लावण्याआधी लेआउटच्या एक्सएमएलमधून ब्लॉक हलवा किंवा काढा. बदल दिसला नाही तर कॅशबरोबर (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रतींबरोबर) 'पब-स्टॅटिक' आणि 'व्ह्यू-प्रीप्रोसेस्ड' फोल्डरंही रिकामी करा. ओपनकार्टमध्ये ओसीमॉडची फाईल ठरावीक ओळ शोधून बदल करते. तुमच्या थीममध्ये ती ओळ वेगळी असेल, किंवा फाईल फक्त 'डिफॉल्ट' थीमच्या मार्गासाठी लिहिलेली असेल, तर बदल लागत नाही. मॉडिफिकेशनच्या पानावर रिफ्रेश दाबायचं राहिलं तरी तेच.

कॉपी करणं योग्य ठरतं अशा जागाही आहेत, हे सांगायला हवं. ईमेलची टेम्प्लेटं, कार्टच्या तक्त्याची मूळ रचनाच वेगळी हवी असेल तेव्हा, किंवा जिथे जवळपास एकही हुक नाही तिथे. तेव्हा कॉपी करा, पण हुकच्या सगळ्या ओळी, क्लास आणि लपलेली फील्ड जशीच्या तशी ठेवा. फाईलच्या डोक्यावरचा आवृत्तीचा आकडा न बघता वाढवू नका. तो आकडा वाढवला की स्टेटसची तक्रार थांबते, फाईल मात्र जुनीच राहते. अपडेटनंतर तीन फाईली शेजारी ठेवून ताडा: जुनी मूळ, तुमची कॉपी, नवी मूळ.

आणखी एक, आणि तुमच्या बाबतीत हे आधीच तपासायला हवं होतं. वूकॉमर्स 8.3 पासून नव्याने टाकलेल्या दुकानात कार्ट आणि चेकआउट ब्लॉकचे (वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये रचायच्या तुकड्यांचे) असतात. त्यांना वर सांगितलेली चेकआउटची टेम्प्लेटं आणि फील्डचे फिल्टर लागूच होत नाहीत. चेकआउटचं पान संपादनासाठी उघडा. ब्लॉक असेल तर दोन वाटा आहेत: तो काढून जुना 'वूकॉमर्स_चेकआउट' शॉर्टकोड टाकायचा, किंवा ब्लॉक ठेवून जास्तीची फील्ड त्याच्यासाठीच दिलेल्या फंक्शनने नोंदवायची. निवडण्याआधी तुमच्या पेमेंट गेटवेचं प्लगइन ब्लॉकवर चालतं का ते बघा. मग स्टेजिंगवर (दुकानाच्या चाचणीच्या प्रतीवर) व्हेरिएशनवाली वस्तू, संपलेला माल, कूपन, खातं नसलेला ग्राहक, पत्ता बदलणं आणि फसलेलं पेमेंट, एवढं सगळं कॅश चालू ठेवून तपासा. कॅश बंद ठेवून घेतलेली चाचणी धरू नका. कार्ट, चेकआउट आणि माझं खातं ही तीन पानं कॅशमधून वगळली आहेत की नाहीत, हे कॅश चालू असतानाच कळतं.