पल्सर विकण्याआधी हे वाच

पल्सर २२० विकून हिरोची एक्सपल्स, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायची गाडी, घ्यायचं म्हणतोस, घे. पण आधी सांग बे, महिन्यातून किती वेळा डांबर सोडतोस? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाकडे किंवा उजनीच्या काठाला वर्षातून दोनदाच जाणार असशील तर आहे तीच गाडी ठेव, नुसते टायर बदल.

खरंच जाणार असशील तर एक्सपल्सचं पुढचं २१ इंची चाक आणि २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते) खड्ड्यात, दगडांत कळतं. सीट मात्र उंच, ८२० मिमीच्या वर. शोरूममध्ये बूट घालून बस, पाय टेकतात का बघ. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ची सीट ८०० मिमी, पण वजन दोनशे किलोच्या घरात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात एकट्यानं उचलून बघितलीय मी, कंबर आठवडाभर बोलत होती.

आणि ही काळी माती! पाऊस पडला की चाक आणि मडगार्डमध्ये मळलेल्या पिठासारखी गच्च बसते, चाक फिरतच नाही. पुढचं मडगार्ड उंच असलेलीच गाडी घे. तरी पावसानंतर दोन दिवस रानात घालूच नको.

स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे जास्तीची ट्यूब आणि पंप जवळ ठेव. पुणे हायवेला वेगासाठी पल्सरची आठवण येईल, ते धरूनच चाल.