स्वरयंत्र वाचवून ऑपरेशन होतं का? आमच्या अण्णांचं झालं ते सांगतो

तुमच्या वडिलांचा स्वरयंत्राचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला आहे, डॉक्टर पूर्ण स्वरयंत्र काढायचं म्हणतात आणि ते वाचवता येईल का असं तुम्ही विचारलंय. काही जणांचं वाचतं, सगळ्यांचं नाही. मी डॉक्टर नाही. पण माझे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारायचे, घर आवाजावर चालायचं. त्यामुळे हाच प्रश्न आम्ही दारोदार विचारत फिरलोय.

आमच्या सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. गाठ डावीकडे होती, डावी व्होकल कॉर्ड, म्हणजे आवाज काढणारी पट्टी, हलायची थांबली होती. उजवी बाजू मोकळी होती, म्हणून अण्णांची निअर-टोटल लॅरिंजेक्टमी झाली, म्हणजे जवळजवळ सगळं स्वरयंत्र काढलं. उजवीकडची एक पट्टी ठेवून तिचीच बारीक नळी केली आणि श्वासनलिका घशाला जोडली. गळ्याचं छिद्र मात्र कायमचं, श्वास तिथूनच. बोलताना अण्णा अंगठ्याने छिद्र दाबतात, हवा नळीतून वर चढते आणि आवाज निघतो. जाडसर, एकसुरी, पण त्यांचा. पहिल्यांदा निघाला तेव्हा आईला म्हणाले, "जेवलीस का?" आई तिथेच खाली बसली. ही पद्धत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. पिअरसन यांनी १९८० साली मांडली, मुंबईत टाटालाही करतात.

दुसऱ्या एका ऑपरेशनमध्ये दोन्ही व्होकल कॉर्ड जातात, पण खालची कड्यासारखी कूर्चा (मऊ हाड) आणि निदान एका बाजूचा हलता सांधा ठेवतात. त्यात छिद्र पुढे बुजतं. पण गिळायला नव्याने शिकावं लागतं, सुरुवातीला अन्नपाणी श्वासनलिकेत उतरतं, म्हणून फुप्फुसं दणकट लागतात. विडी ओढून दमा झालेल्या माणसाला हे झेपत नाही.

ऑपरेशनशिवाय किमो-रेडिएशनचाही रस्ता आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या ३३२ रुग्णांच्या अभ्यासात आधी किमो, मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र राहिलं, आणि दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांइतकंच, ६८ टक्के होतं. पण गाठ कूर्चा फोडून बाहेर आली असेल, तर बहुतेक डॉक्टर पूर्ण काढायलाच सांगतात. अशा वेळी हट्ट धरू नका, कळकळीने सांगतो. अण्णांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं स्वरयंत्र रेडिएशनने वाचलं होतं, पण प्रत्येक घोट फुप्फुसात जायचा. न्यूमोनिया होऊन तिसऱ्यांदा ॲडमिट झाले होते, जेवण पोटातल्या नळीने. डॉक्टरांना "वाचेल का?" एवढंच विचारू नका. "वाचलं तर तोंडाने जेवतील का, छिद्र राहील का, बोलणं कसं असेल?" हे तिन्ही विचारा, आणि स्पीच थेरपिस्टला ऑपरेशनच्या आधीच भेटा.

पूर्ण काढावं लागलं तरी श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवून बोलता येतं. परदेशी व्हॉल्व्ह महाग असतो, बदलावाही लागतो. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी त्यासाठीच अवघ्या ५० रुपयांचा व्हॉल्व्ह तयार केला.

एक गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती. श्वास नाकातून जात नाही, त्यामुळे वास कमी येतो. छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून अण्णांचं कृष्णेत डुंबणं बंद झालं, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. हळदीचा वास गेला, तो मात्र लागला. आता यार्डात गेले की हळकुंड मोडतात, उन्हात धरून आतला रंग बघतात, मग अंगठा गळ्याशी नेऊन भाव सांगतात.